हिरड्याचं झाड सरळच आहे

वरची वाडी, हिर्डोशी
१५ जून २०२५

वन्सं,

सुलक्षणाचा नमस्कार. घरात सगळे धडधाकट आहेत, हे सगळ्यात आधी लिहिते. इतक्या वर्षांनी माहेरचं पाकीट हातात पडलं की काळजात धस्स होतं, म्हणून.

पाकिटात मोबाईलमधलं कार्ड आहे. नखाएवढं आहे, हरवू नका. दुधाचा टेम्पोवाला माऊली भोरला तुमच्या स्टुडिओवरूनच जातो. त्याला बजावलंय की रत्नाताईंच्याच हातात द्यायचं. कार्डात मी काढलेले फोटो आहेत, ते मला कागदावर पाहिजेत. बदल्यात तूप पाठवलंय, घरचं आहे, नाक मुरडू नका.

तुमच्या भावांनी नवा मोबाईल घेतला आणि जुना माझ्या गळ्यात मारला. इथं रेंज कुठली? फोन लागतच नाही म्हटल्यावर त्या डब्याचं करायचं काय? एक दिवस म्हशीच्या पाठीवर बगळा बसला होता आणि खालून धरणाच्या पाण्यावरचं धुकं वर येत होतं. बगळा अर्धा दिसतोय, अर्धा नाही. मी बटण दाबलं. तेव्हापासून जी लागण झाली ती झालीच बघा. आभाळ भरलं की भाकरी तव्यावर टाकून परसात पळते. एक भाकरी जळाली, दोन जळाल्या, आत्याबाईंनी ते मोजायला सुरुवात केलीय.

त्यांना हे कळू द्यायचं नाही. तुम्हाला मी काय सांगायचं? भैरवनाथाच्या जत्रेचे फोटो काढायला सोमनाथ दाजी आले आणि तुम्ही त्यांच्याबरोबर निघून गेलात, तेव्हापासून ह्या घरात फोटो म्हणजे चेटूक. ‘फोटूवाल्यानं माझी पोर न्हेली,’ एवढंच त्या म्हणतात, आणि त्यापुढं तुमचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. तुमचे भाऊही आईची री ओढतात. मी तेव्हा नवी नवरी होते, मला कुणी विचारलंच नाही. आता मीच विचारतेय. छापून द्याल ना?

तुमची,
सुलक्षणा

४ जुलै

वन्सं,

फोटो मिळाले. माऊलीनं दुधाच्या कॅनच्या आड ठेवून आणले, वास लागलाय थोडा. दुपारी आत्याबाई म्हशींमागं गेल्या की मी ते पिठाच्या डब्यामागनं काढते. कारवीवरच्या कोळ्याच्या जाळ्याचा, पावसाचे थेंब अडकलेला तो फोटो मी काढलाय? अगं बाई! ते जाळं मी रोज केरसुणीनं झाडायचे.

दाजींना सांगा, तुमच्या स्टुडिओतला तो धबधब्याचा पडदा आता काढा. लोकं तिथं पैसे देऊन खोट्या पाण्यापुढं उभी राहतात. आमच्या परसामागं खरा कोसळतोय, त्यात आम्ही म्हशी धुतो.

हात हलतो, कुठंतरी टेकवून फोटो काढा, असं तुम्ही लिहिलं होतं. मी काय केलं सांगू? मागच्या पडवीच्या खांबाला कोयत्यानं खाच पाडली. मोबाईल त्यात असा बसतो जसा पाळण्यात पोर. आता रोज सकाळी त्याच जागेवरून एक फोटो. समोर चढावरचं आपलं हिरड्याचं झाड आणि त्याच्यावर पठाराची कड, पट्टीनं आखल्यासारखी सरळ. चौकट तीच, पण आभाळ एकदा काढलं ते पुन्हा सापडत नाही. परवा पठारावर ऊन होतं आणि हिरड्यावर पाऊस. काल ढग इतका खाली आला की झाड नुसतं अंदाजानं दिसत होतं. मला वाटायचं पावसाळा म्हणजे ओली लाकडं, वाळत नसलेली लुगडी आणि पायांना चिखल्या. ह्या घरात येऊन इतकी वर्षं झाली आणि मी वर मान करून बघितलंच नव्हतं.

आत्याबाई ठणठणीत आहेत. पडवीचं दार लागेनासं झालंय, पण पावसात लाकूड फुगतंच. रात्री वर कुठंतरी दगड गडगडल्यासारखा वाटतो, रानडुकरं असतील. नवीन कार्ड पाठवतेय.

सुलक्षणा

१३ जुलै

वन्सं,

तुमचं पत्र वाचून राग आला, खोटं कशाला बोलू. मी फोटो छापायला पाठवले, घराची पत्रिका बघायला नाही. म्हणे रोजचे फोटो आम्ही टेबलावर ओळीनं मांडले. म्हणे वरची कड जागच्या जागी आहे आणि हिरडा घराकडं कलतोय. शहाणीच आहात. वाऱ्यानं झाड हलणार नाही तर काय देऊळ हलणार? हिरड्याचं झाड सरळच आहे. माझ्या आजेसासऱ्यांच्या, म्हणजे तुमच्या आजोबांच्या हातचं आहे ते. मी रोज त्याच्याखालून पाणी आणते, मला कळणार नाही का?

सगळे फोटो परत पाठवा. दाजींना नमस्कार.

पाकीट चिकटवलं होतं, ते परत उघडलंय. माऊली हॉर्न वाजवतोय, त्याला चहा देऊन बसवलंय. वन्सं, मी झाडापाशी जाऊन आले. वरच्या अंगाला, मुळापाशी, जमीन फाटलीय. भेग आडवी पार ओढ्यापर्यंत गेलीय, आणि त्यात माझा हात कोपरापर्यंत गेला. आत गार होतं. हाताची माती न धुताच लिहायला बसलेय. आणि झऱ्याचं पाणी गढूळ झालंय. ह्या झऱ्याला भर पावसात कधी माती आलेली मी पाहिली नाही.

वाडीतली बाकीची घरं काल-परवा खाली गेली. खाली हिर्डोशीच्या शाळेत सोय केलीय. दर पावसाळ्यात सरकारी माणसं येऊन जागा सोडा म्हणतात, दरवर्षी आपण हसतो, पण यंदा कुणी हसलं नाही. माळीण गाव दरडीखाली गाडलं गेलं ते ज्यांनी ऐकलंय, ते रात्री झोपत नाहीत. फक्त आपलं घर राहिलंय. तुमचे भाऊ नसरापूरकडच्या कंपनीत, रविवारी येतात आणि आईपुढं मान हलवून जातात. मी आत्याबाईंना भेग दाखवायला नेलं. त्यांनी काठी घालून बघितली आणि म्हणाल्या, ‘उंदरांनी उकारलंय.’ एवढा मोठा उंदीर, वन्सं!

आता माझी खरंच पाचावर धारण बसलीय. रोज सकाळी खाचेत मोबाईल ठेवते आणि डोळे मिटून बटण दाबते.

सुलक्षणा

१८ जुलै

वन्सं,

करायला गेले एक आणि झालं भलतंच. कुणाला सांगू? तुम्हालाच सांगते.

आत्याबाईंनी भैरवनाथाला कौल लावायचा ठरवला. मला तर आनंदच झाला. माणसाचं ऐकत नाहीत, देवाचं तरी ऐकतील. आपल्या घरची रीत तुम्हाला आठवत असेल. सुनेनं आंघोळ करून देवळात जायचं, देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. मोठ्या माणसानं हात जोडून मनातल्या मनात विचारायचं. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विचारलं काय ते कौल झाल्यावरच सांगायचं.

वन्सं, मी पाप केलं. मला वाटलं त्या विचारणार, ‘खाली जाऊ का?’ दुसरं काय विचारतील, सगळी वाडी गेलीय. म्हणून उजवी पाकळी मी पदराला पुसून कोरडी केली आणि नुसती टेकवली. डावी चांगली दाबून बसवली. देवाच्या दगडाला हात लावला. मनात म्हटलं, देवा, शिक्षा मला दे, पण हिला खाली ने.

आत्याबाईंनी डोळे मिटले. उजवी पाकळी लगेच पडली. त्यांनी डोळे उघडले, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान पसरलं की मला वाटलं जिंकले. त्या म्हणाल्या, ‘म्या इचारलं, हितंच ऱ्हाऊ का? द्येव हो म्हनला.’

मी तिथंच खाली बसले. त्यांना वाटलं उपासानं चक्कर आली, प्रसादाचा गूळ माझ्या तोंडात घातला. 

आता त्या रोज संध्याकाळी देवाला दिवा लावून सांगतात, ‘तुझ्या शब्दावर हाय बाबा.’ तो शब्द माझा आहे, वन्सं. सगळ्या वाडीत आम्ही दोघीच. ढग दारातून आत येतो आणि चुलीपाशी बसतो. महिन्यापूर्वी मी त्याचा फोटो काढायला धावले असते. आता मोबाईल फक्त खाचेत जातो. त्यात काय दिसतंय ते मी बघत नाही, कार्ड काढून तुमच्याकडं धाडते. तुम्ही बघा आणि मला कळवा.

सुलक्षणा

२२ जुलै

वन्सं,

तुमचं उत्तर आलं. इतकं लहान पत्र तुम्ही पहिल्यांदाच लिहिलंत. ‘आता झाड नाही, पठाराची कडच तिरकी दिसतेय. कड हलत नाही वहिनी. खांब हलतोय. आजच्या आज निघा.’

मी पत्र हातात धरून पडवीत गेले. खांबाला पाठ लावून उभी राहिले. पाठ टेकली, पण टाच टेकेना. घर कललंय, वन्सं, आणि आम्ही त्यात भाकऱ्या भाजतोय.

मग मी धीर केला. आत्याबाईंपुढं सगळे फोटो मांडले. कौलाचंही सांगितलं. पाय धरून सांगितलं, की ती पाकळी मी कोरडी केली होती, देव काही बोललेलाच नाही. मला वाटलं आता काठी पडणार. आत्याबाई चक्क हसल्या. ‘द्येवाच्या अंगावरचं फूल तू पाडनार? एवढा जोर हाय व्हय तुझ्या बोटात? त्याला पाडायचं हुतं म्हनून तुला बुद्धी दिली.’ आता ह्यावर बोला! मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

मग त्यांची नजर फोटोंवर गेली. त्यांनी एक उचलला, उलटा केला. मागं तुमच्या स्टुडिओचा शिक्का. त्यांना वाचता येत नाही, पण शिक्का कुणाचा ते त्यांना माहीत आहे. आंबवडे गावातल्या एका लग्नात कुणीतरी दाखवला होता म्हणे. वन्सं, इतकं संतापलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. ‘तिच्या हातचं माझ्या घरात? ती काय सांगती मला डोंगूर पडनार म्हनून? एवढी काळजी हाय तर इकडं फिरकली का न्हाई? ऐक सुलक्षणे, त्या रत्नीनं ह्या उंबऱ्याच्या आत पाय घातला, तर त्याच घटकेला म्या ह्या घरातनं भाईर. परत ढुंकून बगनार न्हाई.’

त्या बोलत होत्या आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख पडलं. कळलं का तुम्हाला?

भीतीनं ही बाई हलणार नाही. देवानं हलली नाही. रागानं हलेल. शब्दाची किती पक्की आहे हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?

म्हणून मागतेय. मागायला तोंड नाही, पण मागतेय. या. माऊलीच्या टेम्पोत पहाटे बसा, पाणी रस्त्यावर आलं तर पुढं चालत या. त्या शिव्या देतील, जन्मात ऐकल्या नसतील अशा देतील. ऐकून घ्या आणि सरळ आत या. उंबरा ओलांडा. बाकी मी बघते. इतक्या वर्षांनी आईला भेटायचं ते तिला घराबाहेर काढायला, हे कुणी माझ्याकडं मागितलं असतं तर मी त्याचं तोंड बघितलं नसतं. तुम्ही माझं बघू नका हवं तर. पण या.

वरून दगड येण्याचे आवाज आता दिवसाही येतात. डुकरं नाहीत ती.

सुलक्षणा

२४ जुलै, दुपार
हिर्डोशीच्या शाळेतून

वन्सं,

ही चिठ्ठी तुमच्या भावाच्या हाती देतेय. माऊलीचा निरोप मिळाला तसे कंपनीतनं मिळेल त्या गाडीनं आले बिचारे. ते तुमच्याशी काय बोलणार, आणि बोलले तरी तुम्ही ऐकणार नाही, म्हणून लिहून देतेय. मी स्वतः आले असते, पण माझ्या डाव्या हातात आत्याबाईंचं मनगट आहे. सोडलं तर त्या वर पळतील. नीट वाचा आणि लगेच खाली या.

सकाळी तुम्ही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलंत तेव्हा मला वाटलं, घरच श्वास धरून उभं आहे. एक शिवी नाही, एक शब्द नाही. आत्याबाई उठल्या, घोंगडं घेतलं, म्हशीचं दावं सोडलं आणि पावसात चालायला लागल्या. तुम्ही माझ्या कानात म्हणालात, ‘तुम्ही पुढं जा वहिनी. मी आतच बसते. मी बाहेर पडले की ती माघारी वळेल.’ मी त्या वेळी ऐकायलाच नको होतं. पण त्या ओढ्यापर्यंत पोचल्याही होत्या, आणि पाणी चढत होतं, आणि मला एका वेळी एकीलाच धरता येत होतं.

शाळेत आल्यावर आत्याबाई डोंगराकडं पाठ करून ओट्यावर बसल्या. साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, ‘पडत न्हाई तो डोंगूर. माझ्या आजेसासूपासनं हितंच हाय.’ कुणी भात दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

थोड्या वेळानं हळूच मला विचारलं, ‘ती आली का खाली?’ मी म्हटलं, कोण?  पाऊस वाढला. परत विचारलं, ‘आली का?’ मी म्हटलं, नाही, घरातच बसलीय, तुम्ही माघारी जाऊ नये म्हणून. वन्सं, त्या वळल्या. आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी डोंगराकडं बघितलं. तो ढगात होता, काहीच दिसत नव्हतं, तरी बघत राहिल्या. मग एकदम उठून अनवाणी निघाल्या, मी आणि तुमच्या भावांनी धरून ओट्यावर आणल्या. एवढ्या वाळक्या बाईत एवढी ताकद कुठनं आली देव जाणे.

मला राग आला, मी फटकन बोलून गेले. म्हटलं, देवानं राहायचा कौल दिलाय ना तुम्हाला? मग आता भ्यायला काय झालं?

त्या माझ्या अंगावर ओरडल्या, ‘कौल माझा हाय! तिचा न्हाई!’

आणि रडायला लागल्या. माझ्यासमोर ही बाई कधी रडली नव्हती.  हे मी लिहितेय ते त्या बघतायत. वाचता येत नाही, तरी माझ्या बोटांवरनं नजर काढत नाहीत. आत्ता त्यांनी मला हलवून विचारलं, काय लिवलंस? मी सांगितलं, खाली या असं लिहिलंय. त्या म्हणाल्या, तेवढ्यानं ती यायची न्हाई, माझ्यावानीच हाय ती. मग त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं खाली लिहितेय.

‘तिला म्हनावं, तुझी आई सांगती. डोंगूर पडतोय.’